बाईची पट्टी कोण ठरवतं?

गणपती बसले की थेट जानेवारीतला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठेपर्यंत सोलापुरात गाण्याच्या स्पर्धांना उसंत नसते. मंडळांच्या, शाळांच्या, महिला गटांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या, आणि आता गल्लोगल्ली निघालेल्या कराओके ग्रुपच्या. परीक्षक म्हणून मलाही अधूनमधून बोलावणं येतं. शाल-श्रीफळ मिळतं, चहा मिळतो आणि गुणांचा एक छापील कागद मिळतो. त्यावरचे रकाने बहुतेक ठिकाणी सारखेच: सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण आणि आवाजाचा गोडवा. पुरुषांच्या गटालाही हाच कागद असतो, पण तिथं या शेवटच्या रकान्याकडे कुणी फारसं बघत नाही. गडी भरदार गायला, दर्दभरा गायला, नुसता दणकून गायला तरी चालतं. बायकांच्या गटात मात्र बाकीचे गुण उन्नीस-बीस पडतात आणि निकाल त्या एका रकान्यात लागतो. आवाज जितका पातळ, जितका वर, जितका कोवळा, तितके गुण जास्त.

हा रकाना काढून टाकावा असं माझं म्हणणं आहे. कागदावरून काढणं सोपं आहे, कानातून काढायला वेळ लागेल. त्यासाठी मी जो उपाय सुचवणार आहे तो जरा लांबचा वाटेल: अमेरिकेतल्या सोल आणि पॉप गायिका मन लावून ऐकायच्या. सोलापुरात बसून अरीथा फ्रँकलिनसारखी तिकडची सोल गायिका कशाला, असं कुणीही विचारेल. विचारावंच. पण आधी घरचा हिशेब बघू.

पुरुषांच्या आवाजाबाबत आपण फार उदार आहोत. रफी वेगळा, किशोर वेगळा, मुकेश नाकात, हेमंतकुमार खर्जात, मन्ना डे बैठकीच्या अंगाचा. तलत महमूदच्या गळ्यात कंप होता आणि लोक त्या कंपावरच फिदा झाले. सुधीर फडके आणि शाहीर साबळे एकाच घरात, एकाच रेडिओवर ऐकले गेले, कुणाचं काही अडलं नाही. बायकांच्या बाबतीतही एके काळी असंच होतं. १९४०च्या दशकात नूरजहाँ, सुरैया, शमशाद बेगम, गीता रॉय, अमीरबाई कर्नाटकी असे एकमेकींशी अजिबात न जुळणारे गळे एकाच वेळी चालत होते. अमीरबाई तर आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या. मग १९४९ साल आलं. 'महल', 'बरसात' आणि 'अंदाज' एकाच वर्षात आले आणि लता मंगेशकर नावाचा आवाज घराघरात पोचला.

त्या आवाजाबद्दल मी वेगळं काय सांगणार? तो सूर, ती सफाई, शब्द उच्चारताना श्वास कुठं घेतला हे कळूसुद्धा न देणं. दोष त्या आवाजाचा नाहीच. आपण त्या आवाजाला मोजपट्टी करून टाकलं, ही चूक आपली. पुढची तीसेक वर्षं प्रत्येक नवीन मुलीला त्या पट्टीवर मोजलं गेलं आणि जी बसली नाही ती कोरसमध्ये गेली, नाहीतर घरी. गंमत म्हणजे 'महल'ची पहिली तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर लताबाईंचं नावसुद्धा नव्हतं. गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. ज्या आवाजाचं पुढे माप झालं, त्या आवाजालाही आधी आपलं नाव मिळवावं लागलं.

याच काळात आवाजाला चारित्र्यही चिकटलं. नायिकेला पातळ आवाज आणि कॅबरे नाचणाऱ्या हेलनला आशाबाईंचा. आशा भोसले यांनी ती वाटणी मुकाट स्वीकारली नाही. श्वास, हसू, ठसका, हुंकार, जे जे 'चांगल्या' गाण्यात चालत नव्हतं ते सगळं त्यांनी गाण्यात आणलं, त्यातून आपल्याकडचं पॉप उभं राहिलं. मराठीत सुलोचना चव्हाण बघा. डोक्यावरून पदर घेऊन, जागचं न हलता गायच्या, आणि आवाजात असा ठसका की समोरचा फेटा हलावा. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं, २०२२मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण घरातल्या मुलीनं तसा आवाज लावला तर आजही आई म्हणते, "असा काय आवाज काढतीस, नीट म्हण की." बाईनं गळा मोकळा सोडला की तिची चालच सुटली, असा काहीतरी अर्थ कुठेतरी खोल बसलेला आहे. पंढरपूरला जन्मलेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं आणि मोडनिंबच्या फडावर बोर्डाशेजारी गाडी थांबवताना आपण काच वर करतो, तसंच हे.

पॉप गायिका उषा उथुप यांची शाळेतली गोष्ट अनेकांना माहीत आहे. आवाज इतका जाड, की गाण्याच्या तासाला त्यांना गटातून बाहेर काढलं गेलं. टाळ्या-बिळ्या, त्रिकोण असलं काहीतरी वाजवायला दिलं. १९६९मध्ये मद्रासच्या एका छोट्या नाइट क्लबात कांजीवरम नेसून, मोठं कुंकू लावून त्या उभ्या राहिल्या आणि लोकांनी मान्य केलं. शाळेनं केलं नव्हतं. २०२४ला पद्मभूषण. मधल्या पंचावन्न वर्षांत अशा किती मुलींना त्रिकोण वाजवायला देऊन बसवलं असेल याचा विचार करा, कारण प्रत्येकीच्या वाट्याला नाइट क्लब येत नाही.

आता अरीथा.

अरीथा फ्रँकलिनचा जन्म १९४२चा, मेम्फिसचा. वडील डेट्रॉइटच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये नावाजलेले धर्मोपदेशक. पोरगी चर्चमध्ये गात वाढली, पियानो कानानं शिकली. १९६०मध्ये कोलंबिया या मोठ्या कंपनीनं तिला करारबद्ध केलं. आणि मग सहा वर्षं काय केलं? तिला चापूनचोपून बसवलं. व्हायोलिनचा ताफा, जुनी मऊ गाणी, नाटकातली गाणी, सगळं सभ्य आणि गोड. आवाज तोच होता, रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत. १९६७च्या सुरुवातीला नवीन कंपनी, अटलांटिक, तिला अलाबामातल्या मसल शोल्स नावाच्या आडगावच्या स्टुडिओत घेऊन गेली. तिथं निर्माता जेरी वेक्सलरनं फार काही केलं नाही. तिला तिच्या पियानोवर बसवलं आणि वाजवणाऱ्यांना सांगितलं, हिच्या मागनं चला. त्या सत्रात एकच गाणं धड पुरं झालं, मग भांडणं झाली, बाकीचं काम न्यूयॉर्कला उरकलं. पण त्या एका गाण्यात, पहिल्या काही सुरांतच, सहा वर्षं कोंडलेली बाई बाहेर पडलेली ऐकू येते.

त्याच वर्षीचं 'रिस्पेक्ट' तर तिच्या आधी ओटिस रेडिंगनं १९६५मध्ये लिहिलं आणि गायलं होतं. त्याच्या तोंडी ते घरी आलेल्या नवऱ्याचं गाणं आहे: दिवसभर राबून आलोय, मला मान द्या. अरीथानं शब्द थोडेच बदलले, आर-ई-एस-पी-ई-सी-टी अशी एकेक अक्षराची फोड घातली, मागं आपल्या बहिणींना, अर्मा आणि कॅरोलिनला, उभं केलं. त्या बहिणींच्या टोमण्यांसकट ते गाणं आता घर सांभाळणाऱ्या बाईचं झालं. त्यात लाडीगोडीचा एक कण नाही. ती मान मागते तो विनवून नाही. थकबाकी मागावी तसा मागते. हा आवाज आपल्या गुणपत्रिकेवर बसवा. सूर दहापैकी दहा, ताल दहा, उच्चार दहा. गोडवा? मंडळाचे अध्यक्ष शेजारून कुजबुजतील, "मॅडम, जरा पुरुषी वाटतंय ना?"

तिची १९७२ची चर्चमधली ध्वनिमुद्रिका तर आपल्या जिल्ह्यात सगळ्यात आधी कळावी अशी आहे. लॉस एंजेलिसमधलं एक साधं चर्च, दोन रात्री, मागं समूहगायन, समोर माणसं. 'अमेझिंग ग्रेस' हे सगळ्यांना पाठ असलेलं भजन ती दहा मिनिटांहून जास्त वेळ गाते. एका शब्दावर थांबते, त्याला वळसे घालते, परत येते, पुन्हा तोच शब्द घेऊन वर जाते. लोक मध्येच दाद देतात, कुणी रडतं, कुणी उठून उभं राहतं. ज्यानं पंढरपूरला रात्रीच्या भजनात एकाच चरणावर टाळ अर्धा तास धरलेला ऐकलाय त्याला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. तिकडे याला सोल म्हणतात, आपल्याकडे हरकती, मुरक्या, आळवणं म्हणतात. तिकडे कॉयर उत्तर देतं, इकडे झीलकरी. तिची ही रेकॉर्ड तिच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वाधिक खपली.

आणि वय. डिसेंबर २०१५मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरला ती १९६७चं आपलं जुनं गाणं गायला आली तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. गाण्याची एक मूळ रचनाकार, कॅरोल किंग, समोर प्रेक्षकांत. राष्ट्राध्यक्ष ओबामा डोळे पुसताहेत. अरीथा आधी पियानोवर बसते, मग उठून मध्ये येते, शेवटाकडे अंगावरचा फरचा कोट खांद्यावरून खाली सोडून देते आणि आवाज आणखी मोठा करते. आपल्याकडे त्र्याहत्तरीच्या गायिकेला आपण काय म्हणतो? "आता थांबायला हवं होतं."

चिरणाऱ्या आवाजाची गोष्ट मेरी क्लेटनची. १९६९मध्ये लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचं 'गिमी शेल्टर' पुरं होत होतं, त्यांना एक बाईचा आवाज हवा होता. मध्यरात्री फोन गेला. क्लेटन गरोदर होती, केसांना रोलर लावून झोपायच्या तयारीत होती. तशीच गेली. गाण्याच्या तिसऱ्या मिनिटाच्या आसपास ती एकच ओळ परत परत वरच्या सुरात मारते आणि एका ठिकाणी तिचा आवाज सरळ फाटतो. मागून बँडचा गायक मिक जॅगर आनंदानं ओरडलेला रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतो. ते तसंच ठेवलं. युद्ध आणि हिंसेवरच्या त्या गाण्यातली सगळ्यात खरी जागा तीच आहे, हे तिथं बसलेल्यांना कळलं. आपल्या स्पर्धेत त्या जागी सुराचे दोन गुण कापले गेले असते. मी स्वतः कापले असते की नाही, हे सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं.

तरी तिकडे सगळं आलबेल होतं असं समजू नका. १९६२मध्ये 'ही'ज अ रेबेल' हे गाणं डार्लीन लव्ह या मुलीनं गायलं आणि निर्माता फिल स्पेक्टरनं ते 'द क्रिस्टल्स' या दुसऱ्याच गटाच्या नावावर बाजारात आणलं. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आपली 'कामिनी' आणि त्यांच्या 'क्रिस्टल्स', प्रकार एकच: गळा हवा, गळ्याची मालकीण नको.

आता सोलापूर. पूर्व भागात नवरात्राआधी आणि नवरात्रात बतुकम्मा निघते. तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज तेलंगणातून विणकामासाठी इथं आला आणि हा सण घेऊन आला. फुलांचे थर रचलेलं ताट मध्ये ठेवायचं, बायकांनी भोवती फेर धरायचा, टाळी वाजवत फिरायचं. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या 'उय्यालो' म्हणून उचलतात. जवळ उभं राहून ऐका. पुढं गाणारी बहुधा साठीकडे झुकलेली असते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळलेल्या असतात, तंबाखूची धूळ नाकातोंडात गेलेली असते. घरात किंवा शेजारी यंत्रमाग, त्याच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे आवाज छातीतून काढावाच लागतो. त्यामुळे तिचा सूर जाड असतो, किंचित खरखरीत, शेवट तुटका. पण पहिला शब्द टाकल्याबरोबर चाळीस बायकांचा फेर सरळ होतो. माईक नसतो, गरजही नसते. या बाईला मी आजवर एकाही स्पर्धेच्या मंचावर पाहिलेलं नाही. तिची सून येते, नात येते, पातळ आवाजात सिनेमातलं भावगीत म्हणते आणि कुकर घेऊन जाते.

अरीथाचा आवाज या बाईच्या आवाजाचा सख्खा आहे असं मला वाटतं. शेतात, घरकामात, चर्चमध्ये काम करता करता आणि एकमेकींना उत्तर देत देत जे गळे घडले त्यातूनच तिकडचं सोल आलं. फरक एवढाच की तिकडे कुणीतरी त्या गळ्यासमोर चांगला माईक ठेवला. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त गोळा झाल्या, छापल्या गेल्या, त्यांतल्या कैक ध्वनिमुद्रितही झाल्या; त्यांचं कौतुक कवितेसारखं होतं. गाणं म्हणून, आवाज म्हणून त्याची वाखाणणी मी क्वचितच ऐकली.

एका कराओके संध्याकाळचं सांगते. पन्नाशीच्या पुढच्या एक बाई, शाळेत शिपाई म्हणून काम करणाऱ्या, लताबाईंचं एक अवघड गाणं घेऊन उभ्या राहिल्या. मुखडा छान गेला. खालचे सूर तर इतके भरीव, की मागची खुसपुस थांबली. अंतऱ्यात तार सप्तक आलं आणि त्यांचा आवाज वर पोचेना. मान ताणली गेली, शिरा दिसल्या, शेवटी त्या नुसतं पुटपुटल्या आणि हसून खाली आल्या. मी कडेला जाऊन मशीनवर बसलेल्या पोराला विचारलं, अरे, पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, चार घरं खाली घ्यायला एक बटण असतं ना? तो म्हणाला, "असतंय की ओ मॅडम. पन ओरिजिनल स्केललाच म्हनायचं असा रूल हाय ग्रुपचा. उतरवलं तर मज्जाच जाती." वर बाईंच्या आवाजाला त्यानं मायेपोटी इतका इको लावला होता, की खालचे सूरही धुऊन निघाले होते.

हा नियम कुणी केला मला माहीत नाही, पण तो शहरातल्या बहुतेक ग्रुपांत पाळला जातो. त्याला काही आधार नाही. हार्मोनियम वाजवणाऱ्या कुणालाही विचारा: पुरुष काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला, गातो, काळी दोनला गातो, त्याला रुचेल तिथं. बाई म्हटली की काळी चार, काळी पाच असा हात आपोआप जातो. पण बाईचा आवाज आयुष्यभर एकाच ठिकाणी थांबत नाही. बोलताना तरुण बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा कंप पावतात. पाळी गेल्यानंतर संप्रेरकं बदलतात, तंतू थोडे जाड होतात, आवाज खाली उतरतो. ही झीज नाही. तो नवा आवाज आहे, त्याचे स्वतःचे सूर आहेत. पंचवीस वर्षांच्या मुलीसाठी बांधलेल्या पट्टीत पन्नाशीच्या बाईला गायला लावायचं आणि ती फाटली की 'आता गळा राहिला नाही' म्हणायचं, हा सरळ अन्याय आहे.

याच्या विरोधात जे म्हटलं जातं त्यातलं काही खरं आहे. एक म्हणजे, या बायका ओरडतात. ओरडतात, काही जणी. व्हिटनी ह्यूस्टनची आई सिसी ह्यूस्टन अरीथाच्या मागं गायलेली. पोरीनं चर्चमधला तो सगळा वारसा घेऊन १९९२मध्ये डॉली पार्टनचं जुनं गाणं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गायलं. चौदा आठवडे ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. मग जगभरच्या टीव्ही स्पर्धांत प्रत्येक मुलगी त्यातली शेवटची उंच जागा मारायला लागली, आपल्याकडेही. पण व्हिटनीचं मूळ गाणं ऐका. सुरुवातीला साधारण पाऊण मिनिट एकही वाद्य नाही, आवाज जवळजवळ कुजबुजीत. शेवटच्या भागाआधी क्षणभर सगळं थांबतं, ढोलाचा एक ठोका, आणि पट्टी एक स्वर वर जाते. ती उंच जागा आधीच्या संयमानं कमावलेली आहे. नकला करणाऱ्या मुली तेवढा शेवट उचलतात. गोडव्याचा साचा मोडून तिथं किंचाळण्याचा साचा बसवायचा असेल तर मला त्यात रस नाही.

म्हणून कॅरेन कार्पेंटर ऐकायची. ढोल वाजवणारी मुलगी, बाईच्या मानानं अगदी खालचा आवाज, आणि एक सूर वाया न घालवता, कधीही न ओरडता गाणारी. १९८३मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेली. उपाशी राहण्याच्या आजारानं हृदय कमजोर झालं होतं. शादे ऐकायची, नायजेरियात जन्मलेली आणि इंग्लंडमध्ये वाढलेली, जिच्या आवाजाचा पल्ला फार मोठा नाही आणि तिला तो मोठा करायची गरजही वाटली नाही. जाड म्हणजे खरखरीत नव्हे आणि खालचा म्हणजे पुरुषी नव्हे, हे या दोघींकडून दहा मिनिटांत कळतं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो गंभीर आहे: असं गाऊन गळे बिघडतात. इंग्लिश गायिका ॲडेलच्या स्वरतंतूत रक्तस्राव झाला आणि २०११मध्ये तिला शस्त्रक्रिया करावी लागली. हे मान्य. पण आपल्याकडे गळे बिघडतात ते खरखरीत गाण्यानं कमी आणि स्वतःची नसलेली पट्टी ताणून जास्त. शिवाय मंडपात मॉनिटर स्पीकर नसतो, बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, शेजारी डीजेची चाचणी चालू, आणि ती बिचारी घसा खरवडत राहते. आधी हे सुधारू.

तिसरा आक्षेप, हे परकं आहे. याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते सोलापूर-गदग रेल्वेमार्गानं पुढे गेलं की हुबळीला सापडतं. गंगूबाई हंगल यांच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या ऐका, आवाज पातळ, मुलीचा. मग घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज इतका खाली आला की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष वाटावा. त्यांनी तो लपवला नाही, चढवायचा प्रयत्न केला नाही. तोच आवाज घेऊन किराणा घराण्याची मोठी गायिका म्हणून २००९पर्यंत जगल्या. आणि १९७७मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या आवाजांची सोनेरी तबकडी अंतराळात धाडली, तिच्यात भारताकडून गेली ती केसरबाई केरकरांची भैरवी. खुला, भरदार, छातीतला आवाज. विश्वाला ऐकवायला चालतो, सोलापूरच्या मंडपाला चालत नाही, असं म्हणणार का आपण?

तर येत्या नवरात्रासाठी आयोजकांना माझं सांगणं आहे. गोडव्याचा रकाना काढा आणि त्या जागी 'स्वतःच्या आवाजाचा वापर' असं काहीतरी लिहा, दहा गुणांचं. फॉर्मवर नावाखाली पट्टी विचारा, आणि 'माहीत नाही' असं कुणी लिहिलं तर हार्मोनियमवाल्यानं दोन मिनिटं देऊन ती शोधून द्यावी. पन्नाशीच्या पुढचा गट वेगळा ठेवा. इको निम्म्यावर. पूर्व भागातली एक तरी बतुकम्मा गाणारी बाई, तेलुगूतच, मंचावर बोलवा आणि स्पर्धक म्हणून बोलवा, पाहुणी म्हणून हार घालून बसवू नका.

कार्यकर्त्यांनी मला दोन अडचणी सांगितल्या आहेत. पहिली द्वंद्वगीतांची: बाईसाठी पट्टी उतरवली तर बरोबरच्या पुरुषाचं काय? त्यानं खालच्या सुरांवर मेहनत करावी. इतकी वर्षं बायका त्याच्यासाठी वर गेल्या, त्याला चार घरं खाली उतरायला हरकत नसावी. दुसरी अडचण जास्त खरी आहे. वाद्यवृंद असेल तर तबला काळी चारला लावलेला असतो आणि काळी एकपर्यंत तो उतरत नाही, उतरवला तर बोलत नाही. त्यासाठी मोठ्या तोंडाचा दुसरा तबला आणावा लागेल. त्याची किंमत मी चौकशी करून ठेवली आहे. मंडळाच्या एका दिवसाच्या फटाक्यांत बसते.